पावसाळ्यात कॅरम बोर्ड पळता ठेवायचा तर

कॅरम बोर्ड बहुतेक मराठी घरांत असतोच. कपाटामागे, दिवाणाखाली, नाहीतर माळ्यावर. जुलैतल्या एखाद्या रविवारी पाऊस कोसळत असतो, घरात पाहुणे असतात, कुणीतरी म्हणतं, "काढा रे कॅरम!" बोर्ड निघतो, कुणीतरी त्यावर भसाभस पावडर ओततं, स्ट्रायकर मारला की तो समोरच्या पट्टीला जेमतेम टेकून थांबतो. दोन बोर्ड, म्हणजे सोंगट्या संपेपर्यंतचे दोन खेळ, कसेबसे होतात, मुलं मोबाइल काढतात आणि मोठी माणसं "हल्लीच्या मुलांना बैठे खेळच नकोत" म्हणून मोकळी होतात. मुलांचं काही चुकत नाही. न पळणाऱ्या बोर्डावर मलाही खेळवत नाही.

मी परळच्या चाळीत वाढले. आता विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, बँकेत नोकरी करते आणि ऑफिसच्या संघातून खेळते. पावसाळ्यातल्या रविवारी आमच्या वन बीएचकेत दीर-जाऊ, भाचेमंडळी, शेजारची दोन-तीन पोरं आणि सासूबाई एवढा गोतावळा जमतो. खेळायला माणसं गोळा करणं अवघड नसतं. बोर्ड तयार करणं हे खरं काम, आणि ते पाहुणे यायच्या आधी करायचं असतं. त्यात घरातली नवी यंत्रं कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नुसती मिरवतात, तेही सांगते.

आधी ओल काढा

मुंबईत कॅरमचा खरा शत्रू म्हणजे हवा. बोर्ड प्लायवुडचा असतो आणि प्लायवुड दमट हवेत ओल धरतं. वरचा पॉलिश केलेला पृष्ठभाग चिकट होतो, पावडरीचे गोळे होतात. म्हणून पहिली गोष्ट, बोर्ड बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाचा मारा झेलणारी भिंत तर अजिबात नको. आतल्या भिंतीला, कापडी खोळीत, सरळ उभा ठेवा. तिरका टेकवलात तर स्वतःच्या वजनानेच त्याला हळूहळू बाक येतो.

बाक आलाय का हे पाहायला सुतार लागत नाही. शिवणकामाचा दोरा घ्या, दोघांनी दोन टोकं धरून एका भोकापासून समोरच्या तिरक्या भोकापर्यंत बोर्डाला टेकेल असा ताणा. मध्ये दोऱ्याखाली फट दिसली तर बोर्डाला खड्डा आहे. मधेच दोरा टेकतो आणि टोकं उचलावी लागतात, तर पोट आलंय. मग दुसऱ्या कर्णावर तेच करा. थोडासा बाक असेल तर बोर्ड कोरड्या खोलीत सपाट जागी, फुगीर बाजू वर करून, वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवून काही दिवस दाबून ठेवा, बराचसा उतरतो. बोट आत जाईल एवढी फट असेल तर त्याचा नाद सोडा आणि नवा घ्या.

आता ओल. चाळीत बोर्डावर पत्र्याच्या टोपीखाली शंभर वॅटचा पिवळा बल्ब टांगलेला असायचा. तो नुसता उजेडासाठी नव्हता. असल्या बल्बमध्ये विजेची बहुतेक उष्णताच होते, आणि मोठी मुलं पावसात खेळायच्या अर्धा तास आधी तो खाली ओढून लावून ठेवायची. बोर्ड शेकून निघायचा. हल्लीच्या एलईडीत उजेड भरपूर, पण ऊब जवळजवळ नाही. त्यामुळे नवा दिवा लावून जुना बोर्ड पळत नाही, अशी तक्रार मी बऱ्याच घरांत ऐकते.

यावर सगळ्यात चांगला उपाय एसीचा ड्राय मोड. अर्धा-पाऊण तास, खिडक्या बंद करून. त्यात हवा फार गार होत नाही, पण पाणी निघून जातं. एसी नसेल तर हेअर ड्रायर चालतो, मात्र हातभर अंतरावरून आणि सतत फिरवत ठेवून. एकाच जागी धरलात तर पॉलिश उकलायची भीती. ओल्या कापडाने बोर्ड पुसणाऱ्या माणसाला मात्र घरात घेऊ नका. पुसायचा तो कोरड्या, मऊ, सुती कापडाने. जुनं धोतर किंवा पंचा असेल तर उत्तम.

यंत्रांच्या हौसेतून मी एक गोष्ट घेतली आणि ती खरोखर कामाला आली. हवेतली आर्द्रता दाखवणारं, हाताच्या पंजात मावेल असं छोटं डिजिटल यंत्र. जुलैत खिडकी उघडी असताना त्यावर ऐंशीच्या वरचा आकडा असतो. ड्राय मोडने तो साठच्या आसपास आला की बोर्ड सुटतो. आता भाचेच सांगतात, "मामी, अजून सत्तर आहे, चहा होऊ दे."

बोर्ड तयार झाला की नाही, याची परीक्षा स्पर्धांच्या नियमांतच दिली आहे. पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोर लावून समोरच्या पट्टीवर मारला की त्याने कमीत कमी साडेतीन फेऱ्या मारल्या पाहिजेत. फेऱ्या मनातल्या मनात मोजू नका. मुलांना मोठ्याने मोजायला सांगा, त्यांना ते आवडतं. घरच्या बोर्डाने अडीच दिल्या तरी मी खेळायला परवानगी देते. त्याहून कमी असेल तर आणखी वाळवा.

पावडर थोडी, पंखा बंद

आमच्या लहानपणी पावडर म्हणजे बोरिक. केमिस्टकडून आणायची, उरलेली आई स्वयंपाकघरात झुरळांसाठी टाकायची. यातच काय ते समजा. पोटात जाऊ देण्यासारखी ती वस्तू नाही. घरात रांगणारं किंवा सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर बोरिक आणूच नका. खेळाच्या सामानाच्या दुकानात कॅरमसाठी वेगळी बारीक पावडर मिळते, ती घ्या. अंगाला लावायची सुगंधी पावडर मात्र नको, ती दमट हवेत बोर्डाला चिकटून बसते.

किती टाकायची? तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढी, मधल्या वर्तुळात. ती हाताने नव्हे, कोरड्या कापडाच्या बोळ्याने गोल गोल फिरवत कोपऱ्यांपर्यंत न्या. हाताला घाम असतो. मग बोर्डाकडे तिरक्या उजेडात बघा. पांढरे पट्टे दिसत असतील तर पावडर जास्त झाली आहे, पुसून टाका. बरोबर बसलेली पावडर दिसत नाही, फक्त हाताला जाणवते.

पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पावडर उडून टीव्हीवर आणि सासूबाईंच्या चष्म्यावर बसते. मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करून खेळणं हा वेगळाच पराक्रम आहे, म्हणून आमचा कॅरम मृगानंतरच निघतो.

बोर्ड सपाट बसवणं

मुंबईतल्या जुन्या इमारतीत लादी सपाट असेल, असं गृहीत धरू नका. आमच्या बाहेरच्या खोलीचा उतार न्हाणीघराकडे आहे. स्ट्रायकर हळू सोडला तर तो जणू आंघोळीलाच निघतो.

इथे मोबाइल कामाला येतो. बहुतेक फोनमध्ये पातळी दाखवणारं साधन असतं किंवा फुकट उतरवून घेता येतं. पण फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा असल्यामुळे तो डुलतो आणि आकडा खोटा येतो. फोन लांब कडेवर, उभा, बोर्डाच्या मध्यावर धरा. आधी एका भोकाकडून तिरक्या भोकाकडे, मग दुसऱ्या कर्णावर. शून्य किंवा जास्तीत जास्त अर्धा अंश. त्याच जागी फोन उलटा फिरवून पुन्हा बघा. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तरच त्यावर विश्वास ठेवा. उतार असेल तिथे स्टँडच्या पायाखाली लग्नपत्रिका दुमडून घाला. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा जाड असतो आणि आमच्याकडे त्यांचा साठा कधी संपत नाही.

स्पर्धेत स्टँडची उंची त्रेसष्ट ते सत्तर सेंटिमीटर असते. साध्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलं की ती बरोबर येते. जेवणाच्या टेबलावर बोर्ड ठेवला तर तो फार उंच होतो, खांदे वर जातात आणि लहान मुलांना तर भोकच दिसत नाही. जमिनीवर मांडी घालून खेळण्यात मजा आहे, पण चाळिशीनंतर उठताना कोण हात देणार ते आधी ठरवा. स्टँडखाली सतरंजी अंथरा. राणी लादीवर पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर नारळ फोडल्यासारखा जातो, आणि खालच्या काकांना दुपारची झोप प्रिय आहे.

तराजूवर सोंगट्या

घरोघरी सोंगट्यांचे दोन-तीन संच एकमेकांत मिसळलेले असतात. एखादी काळी जरा जाडी, एखादी पांढरी हलकी. म्हणून मग "माझीच सोंगटी का अडकते" असं वाटत राहतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. नियमाप्रमाणे सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची असते, व्यास तीन सेंटिमीटरच्या जरा वर. घरचा काटा एका ग्रॅमच्या पटीत मोजतो, त्यामुळे एकेक सोंगटी ठेवून कळत नाही. नऊ पांढऱ्या एकदम ठेवा, मग नऊ काळ्या. दोन्ही आकडे पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ यायला हवेत. फरक मोठा असेल तर संच मिसळलाय. जाडी बघायला सगळ्या एका ओळीत मांडून वर स्टीलची पट्टी ठेवा. जिच्यावर पट्टी टेकत नाही किंवा जी पट्टीला वर उचलते, ती बाजूला काढा.

स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपेक्षा जड नको आणि त्याचा व्यास ४.१३ सेंटिमीटरहून मोठा नको. पोरं हौसेने जाडजूड, चित्रं असलेले स्ट्रायकर आणतात. दणका जोरात बसतो खरा, पण सोंगट्यांच्या कडा उडतात. नवीन घ्यायचा असेल तर धोबी तलावला खेळाच्या सामानाची जुनी दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन, काचेवर फिरवून, दोन-चार बघून मग घ्या. ऑनलाइन फोटोत स्ट्रायकरची कड दिसत नाही.

नवा बोर्ड घेणार असाल तर खेळायची जागा २९ इंचांची हवी. पट्ट्या धरून तो साधारण तीन फुटांचा चौकोन होतो आणि रिक्षात आडवा-उभा कसाही बसत नाही. दुपारच्या वेळी लोकलच्या मालडब्यातून आणा. बरोबर एक माणूस न्या, एकट्याने दादरचा पूल चढवत नाही. मुलांसाठी म्हणून छोटा बोर्ड घेण्याच्या मी विरोधात आहे. मुलं दोन वर्षांत त्यातून बाहेर पडतात आणि मोठ्यांच्या बोटांना त्यावर जागाच मिळत नाही.

दिवा आणि वरचा कॅमेरा

दिवा बोर्डाच्या बरोबर मध्यावर हवा. बाजूने उजेड आला की प्रत्येक सोंगटीला सावली पडते आणि कट घेताना, म्हणजे सोंगटीच्या कडेला मारताना, डोळा फसतो. छताला हुक नसेल तर कपाटाला किंवा खिडकीच्या ग्रिलला चाप लावून बसणारा, मान वळणारा दिवा मिळतो. लोहार चाळीत असे दिवे दुकानादुकानात टांगलेले असतात. उजेड डोळ्यांत न जाता खाली पडेल अशी टोपी त्याला असावी.

आता कॅमेरा. आमच्या खोलीत चारजण खेळायला बसले की बाकीच्यांना उभं राहायलाही जागा उरत नाही, आणि सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर. "कोण जिंकतंय रे?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी आतून यायचा. धाकट्या भाच्याने यावर तोड काढली. कुणाचा तरी जुना फोन बोर्डाच्या वर टांगायचा आणि त्याचं चित्र आतल्या टीव्हीवर दाखवायचं.

हे करताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. फोन बोर्डापासून चार ते साडेचार फूट वर हवा. नेहमीच्या कॅमेऱ्यात पट्ट्यांसकट सगळा बोर्ड मावायला तेवढी उंची लागतेच. उंची कमी पडली म्हणून रुंद कोनाचा कॅमेरा लावलात तर बोर्डाच्या कडा धनुष्यासारख्या वाकतात, सरळ गेलेली सोंगटी वळल्यासारखी दिसते आणि बघणारे उगाच खेळणाऱ्याला शिव्या घालतात. फोन कपाटावर बसवलेल्या लांब दांड्याच्या पकडीत अडकवा आणि वर एका सुतळीने स्वतंत्र बांधा. पकड ढिली झाली तर फोन बोर्डावर पडतो, आणि दोन्हींपैकी कशाचं जास्त नुकसान होईल हे सांगता येत नाही. दिव्याची टोपी चित्रात येत असेल तर दिवा थोडा वर घ्या.

टीव्ही आणि फोन एकाच वायफायवर असले की स्मार्ट टीव्हीवर फोनचा पडदा दाखवता येतो. चित्र थोडं मागून येतं. दार उघडं असेल तर आतल्या लोकांना "टक्" आधी ऐकू येतं आणि सोंगटी नंतर पडताना दिसते. सासूबाईंना याची इतकी सवय झाली आहे की नुसत्या आवाजावरून त्या "गेली!" किंवा "हुकली!" सांगतात. तारेने जोडलं तर हा उशीर जवळजवळ जातो, पण स्वस्त फोनच्या चार्जिंगच्या भोकातून चित्र बाहेर येईलच असं नाही. तार घ्यायच्या आधी आपल्या फोनला ती सोय आहे का ते बघा. फोन चार्जिंगला लावूनच ठेवा, ऐन राणीच्या वेळी पडदा काळा होतो.

भांडणं मिटवायला स्लो मोशन. स्ट्रायकर आधी काळीला लागला की पांढरीला, बोट सोंगटीला लागलं का, यावर आमच्याकडे माणसं तासभर रुसलेली आहेत. हल्लीचे बरेच फोन सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं घेतात, त्यात सगळं दिसतं. पण घरातल्या साध्या एलईडी दिव्याखाली असं चित्रण केलंत तर बोर्ड लुकलुकतो, काही वेळा काळे पट्टेही सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. बॅटरीवर चालणारा दिवा लावला की बहुतेक वेळा लुकलुक थांबते.

मात्र प्रत्येक फटक्याला चित्रण बघायला लागलात तर खेळ संपला म्हणून समजा. आमचा नियम असा की प्रत्येक जोडीला एका बोर्डात एकदाच मागणी करता येते, आणि ती खोटी ठरली तर त्यांची एक सोंगटी परत मधे जाते. यानंतर मागण्या एकदम कमी झाल्या.

कोण खेळणार, कोण उठणार

स्पर्धेचा डाव पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो. जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण, आणि राणी घेतली असेल तर तिचे तीन, पण आपले गुण बावीसवर पोचले की राणीचे काही मिळत नाहीत. हे ठाऊक असलेलं बरं, पण दहाजण जमलेल्या घरात पंचवीसचा डाव लावू नका. चौघं खेळत बसतात आणि सहाजण फोनमध्ये जातात. एक बोर्ड, हरलेली जोडी उठते, हे सगळ्यांत चांगलं. सलग तीन जिंकलेली जोडीही उठते. ही दुसरी अट नसेल तर माझे दीर संध्याकाळपर्यंत खुर्ची सोडत नाहीत.

जोड्या चिठ्ठ्या टाकून लावा. नवरा-बायको एका जोडीत नकोत. कारण विचारू नका.

अगदी लहानांसाठी किंवा तिघंच खेळणारे असतील तर गुणांचा खेळ लावा, काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास. बोर्डावर एकूण तीनशेवीस गुण असतात, आणि बेरीज करायचं काम लहानांनाच द्या. रंगांचं बंधन नसल्यामुळे नवखं मूलही काही ना काही घेतं आणि खुर्चीला चिकटून राहतं. पक्क्या खेळाडूला उलट अट घाला. मला घरात थेट मारायची परवानगी नाही, पट्टीला लावून परत येणारा फटकाच चालतो. आधी राग यायचा, आता ऑफिसच्या सामन्यात माझा रिबाउंड लोक बघायला येतात.

फोनवर कॅरम खेळलेल्या मुलांची एक गंमत असते. फोनमध्ये नेम धरला की सोंगटी कुठे जाईल त्याची रेघ दिसते. खऱ्या बोर्डावर ती मुलं स्ट्रायकर लावून नुसती बघत बसतात, रेघेची वाट पाहत. त्यांना एवढंच दाखवा, की भोकाच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून एक सरळ रेघ मनात ओढायची. ती सोंगटीच्या ज्या टोकातून बाहेर पडते, तिथे स्ट्रायकर लागला पाहिजे. पहिल्या दिवशी मी तिथे पेन्सिलीचा बारीक ठिपका काढून देते, सोंगटीवर, बोर्डावर नव्हे. आणि फोनमुळे या मुलांचा अंदाज बरा असतो, हेही खरं. त्यांना नेम कळतो, बोटातला जोर कळत नाही. त्यासाठी एकच सराव, समोरच्या पट्टीला लागून स्ट्रायकर आपल्या रेघांमध्ये परत येऊन थांबला पाहिजे. थंब, म्हणजे अंगठ्याने, मारायचा की मधल्या बोटाने, यावर वाद नको, नियमांत दोन्ही चालतं. फक्त स्ट्रायकर टिचकीने मारायचा, ढकलायचा नाही, आणि तो खालच्या-वरच्या दोन्ही रेघांना टेकलेला हवा.

राणीबद्दल मात्र आधीच बोलून घ्या. आपली एक सोंगटी गेल्याशिवाय राणी घेता येत नाही, आणि घेतल्यावर त्याच किंवा लगेचच्या फटक्यात कव्हर दिलं नाही, म्हणजे आपली आणखी एक सोंगटी घेतली नाही, तर ती परत मधे येते. "आमच्या चाळीत असं नव्हतं" हे वाक्य प्रत्येकाकडे तयार असतं. परळचे नियम वेगळे, गिरगावचे वेगळे, आणि माझ्या जावेच्या माहेरी अलिबागला तर राणी शेवटीच घ्यायची. मी छापील नियमांचं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. कॅरममध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे मारिया इरुदयम असोत, नाहीतर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकात तीन सुवर्णपदकं जिंकणारी चेन्नईची काझिमा, सगळे याच नियमांनी खेळले, असं सांगितलं की वाद जरा लवकर मिटतो.

भजी आणि बोर्ड

पाऊस म्हटला की कांदाभजी आलीच, आणि भज्यांचं तेल बोर्डाला लागलं की तो कोपरा महिनाभर मरतो. तेल पॉलिशमध्ये मुरतं, पावडर तिथे काळी पडते. माझ्या घरात बोर्ड मांडलेला असताना भजी तळली जात नाहीत. खेळताना चुरमुरे, फुटाणे, भाजलेल्या शेंगा. शेंगांची टरफलं टाकायला प्रत्येक खुर्चीखाली एक वाटी. भजी शेवटी, बोर्ड खोळीत गेल्यावर. त्यामुळे शेवटचा बोर्ड कमालीचा वेगात होतो.

चहाचा कप पट्टीवर ठेवायचा नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. बोर्डाची पट्टी टेबलासारखी दिसते, म्हणून पाहुणे हमखास ठेवतात. त्यांना सांगायचं काम मी सासूबाईंकडे दिलंय. त्या टीव्हीवर कप दिसला की आतूनच ओरडतात, आणि वयामुळे कुणी मनावर घेत नाही.

आवरताना घाई करू नका. एकोणीस सोंगट्या आणि स्ट्रायकर मोजून डब्यात. आधी सोफ्याखाली बघा, मग बोर्डाच्या जाळ्यांत हात घालून बघा, एक तरी तिथे अडकलेली असतेच. नव्या बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या येतात, त्यातल्या दोन डब्यात टाका आणि त्यावर "खायचं नाही" असं मार्करने लिहा. बोर्डावरची पावडर कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढा. रात्रभर राहिलेली पावडर दमट हवेत थापली जाते आणि पुढच्या वेळी घासत बसावं लागतं. मग खोळ, आतली भिंत, आणि सुतळी सोडायच्या आधी वरच्या फोनला एक हात लावून ठेवा.